आधी कवा, मंग काऊन

“मावशी, कंबर फुटून रायली,” दुर्गा म्हणाली आणि तिचे दात वाजायला लागले.

वर टांगलेल्या पिशवीतलं रक्त जेमतेम नळीभर उतरलं होतं. मी तिच्या पायाशी चादर सरळ करत होते. तिचं तोंड आधी लाल झालं, मग राखेसारखं. सिस्टर पलीकडच्या खाटेवर सुई देत होती. तिने मान वळवून बघितलं, हातातलं तसंच ठेवलं, धावत आली आणि नळी बंद केली. मग पिशवीवरचं नाव वाचलं. खाटेवरच्या कागदावरचं वाचलं. दोन्हीकडे दुर्गाच. वय तेच, गाव तेच. सगळं बरोबर होतं आणि पोरगी डोळ्यांदेखत चालली होती.

डॉक्टर आले. त्यांनी दुर्गाची जुनी फाईल मागवली. दुर्गा सालेकशाकडची. तिला सिकलसेल आहे, लहानपणापासून आमच्या दवाखान्यात येते, म्हणून फाईल विटेएवढी जाड. त्या फाईलमध्ये दर वेळी तिचं रक्त ओ लिहिलेलं. त्या दिवशीच्या कागदावर बी. डॉक्टरांनी विचारलं, आज अजून कुणाचं रक्त आलं? पुढच्या खोलीत पार्बता नावाची बाळंतीण होती, तिच्यासाठीही रक्त आणलं होतं. सिस्टर तिकडे पळाली. ती पिशवी अजून टेबलावर होती, लावली नव्हती.

दुर्गाला गाडीत घालून गोंदियाला नेलं. तिची लघवी लाल व्हायला लागली होती.

दोघींचं रक्त तपासायला काढलं तेव्हा नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दुर्गाच्या रक्ताला पार्बताचं नाव, पार्बताच्या रक्ताला दुर्गाचं. पुढचं सगळं मग त्या चुकीच्या नावांनी बरोबर होत गेलं. त्या सकाळी खिडकीवरून नळीला लावायची चिठ्ठी घेऊन दुर्गाला लॅबपर्यंत मीच नेलं होतं. माझी चौथी झाली आहे, मला वाचता येतं. मी वाचलं नाही.

पण मी हे लिहिते आहे ते कापगते बाबूंसाठी.

आमचा दवाखाना ट्रस्टचा, लहान. मी तिथे सत्तावीस वर्षं वॉर्डात काम केलं. कापगते बाबू कंप्युटर बघायला आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. अर्जुनीकडचे. नागपूरला बरीच वर्षं कंपनीत काढली होती, बाप म्हातारा झाला म्हणून गावी परतले. रोज बसने यायचे. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात दोन पेन आणि हातात पोरांची चौकडीची वही. कंप्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायचे आणि डॉक्टरांनाही काढायला लावायचे. दूध घातलेला चहा पीत नसत. डब्यात भात आणि लाखोरीची डाळ. डब्यात लोणचं असलं तर ते कुणाला देत नसत, आणि ते लपवतही नसत.

सगळे मला मावशी म्हणतात. तेही म्हणाले. मी म्हटलं, तुमचे केस माझ्याहून पांढरे, मी तुमची मावशी कशी? त्यांनी वही उघडली, नाव विचारलं आणि लिहून घेतलं. तेव्हापासून सरूबाई.

त्यांना ‘कधी कधी’ हा शब्द चालत नसे. कुणी येऊन म्हणालं, बाबू, मशीन कधी कधी अटकते, की ते वही उघडायचे. “कधी कधी असा वार नसते. कवा अटकते ते सांगा.” माणूस सांगायला लागायचा की धुळीमुळे अटकत असेल, नाहीतर जुनं झालं म्हणून. ते पेन खाली ठेवायचे. “मी काऊन विचारलं का? आधी कवा, मंग काऊन.” लोक चिडायचे. त्यांना साधं कसे आहात विचारलं तरी विचारायचे, “कवा? सकाळी का आता?” मॅनेजर साहेबांनाही त्यांनी असंच विचारलं होतं.

हे त्यांना बापाकडून आलं होतं. त्यांचा बाप गावच्या तलावाचा पाणकर. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, कधी पाणी द्यायचं ते पाणकर ठरवतो, तलावाचं दार तोच उघडतो आणि तोच बंद करतो. बांधी सुकली म्हणून कुणी भांडत आलं तर बाप म्हणायचा, का सुकली ते मागून पाहू, पाणी कवा लागलं ते सांग. बाबू म्हणायचे, अर्धे भांडण तिथंच मिटत होते, कारन अर्ध्यायले कवा ते मालूमच नसे.

आमच्या वॉर्डात सहा नंबरच्या खाटेची घंटी आपोआप वाजायची. खाटेवर कोणी नसतानाही. तिथे एक म्हातारा गेला होता, त्यामुळे बायांनी त्या खाटेजवळ जाणं सोडलं. मीही दिवा लावून आले होते, खोटं कशाला बोलू. बाबूंनी स्टूल आणला आणि तीन दिवस दुपारचे तिथे बसले. वाजली की वेळ लिहायचे. चौथ्या दिवशी मला घेऊन मागच्या अंगणात गेले आणि पाण्याची मोटर सुरू केली. वर घंटी वाजली. मोटर बंद केली, परत सुरू केली, परत वाजली. “म्हातारा टाकी भरून रायला,” म्हणाले, आणि वायर बदलायला माणूस बोलावला. बायांना त्यांनी काही समजावलं नाही. वहीतलं पान फाडून मला दिलं. त्यावर नुसत्या वेळा होत्या.

असे ते होते. चांगलं काम केलं तर चांगलं म्हणत नसत आणि चुकलं तर आवाज चढवत नसत.

दुर्गाला गोंदियाला नेलं तो मंगळवार. बुधवारी सकाळीच दवाखान्यात ठरून गेलं की चूक वैशालीची. वैशाली पहिल्या खिडकीवर बसायची. पेशंटचं नाव मशीनमध्ये शोधायचं आणि छापून आलेली चिठ्ठी हातात द्यायची, एवढंच काम. चोवीस-पंचवीसची पोरगी, नवरा नाही, घरात आई. कुणी म्हणालं ती मोबाईल पाहत होती. कुणी म्हणालं गप्पा मारत होती. मॅनेजर साहेबांनी सांगितलं, शनिवारनंतर येऊ नको. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, तोंड धू, खिडकीवर लोक उभे आहेत.

बाबू मॅनेजर साहेबांकडे गेले आणि शनिवारपर्यंत वेळ मागितला. साहेब म्हणाले, कशाला, पोरीने चुकीची चिठ्ठी दिली हे दिसतं आहे. बाबू म्हणाले, “चिठ्ठी तिनं देल्ली. छापली कोनं?”

मग ते वही घेऊन फिरायला लागले. दुसऱ्या खिडकीवर मेश्राम बसायचे, दोन बोटांनी टायपिंग करणारे, त्यांना विचारलं. लॅबवाले दुबेजी गोंदिया शहरातले, नवीन आलेले, त्यांना विचारलं. सगळे काऊन सांगत होते. पोरगी लापरवा है. मशीन जुनी आहे. लाईट कमी-जास्त होते. बाबू पेन खाली ठेवून पुढे जायचे.

माझ्याकडे आले तेव्हा मी फरशी पुसत होते. विचारलं, सरूबाई, याच्या आधी कवा चुकीची चिठ्ठी पाहिली? मला आठवलं. एकदा एका म्हाताऱ्याच्या हातात बाईच्या नावाची चिठ्ठी आली होती आणि रांगेत सगळे हसले होते. एकदा सालेकशाच्या बाईला तिरोड्याचं गाव लिहून आलं होतं. दोन्ही वेळा परत छापून घेतलं आणि विसरून गेलो. मी म्हटलं, दोन्ही मंगळवारच. बाजाराचा दिवस. त्या दिवशी गर्दी असते म्हणून दुसरी खिडकी उघडते.

त्यांनी लिहिलं. “आनि दुसऱ्या दिवसायले?”

“दुसऱ्या दिवसायले एकच खिडकी रायते. तवा नाही पाहिली.”

ते तिथेच ओल्या फरशीवर उभे राहिले. मी म्हटलं, बाबू, पाय उचला.

ज्या कंपनीचा प्रोग्राम होता तिला त्यांनी फोन लावला. मी खोलीत केर काढत होते, सगळं ऐकू येत होतं. तिकडचा माणूस म्हणाला, आम्ही शंभर वेळा चालवून पाहिलं, आमच्याकडे बरोबर चालतं. बाबूंनी विचारलं, किती जन बसून? तो म्हणाला, मी एकटाच बसलो होतो. बाबूंनी फोन ठेवला. मग पेनचं टोपण काढत-लावत राहिले. तेव्हा मला वाटलं त्या माणसाचा राग आला. तो राग कुणावर होता ते शनिवारी कळलं.

शनिवारी दुपारी पेशंट गेल्यावर त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या. वैशाली एकीकडे, मेश्राम दुसरीकडे. मॅनेजर साहेबांना खुर्ची दिली. दुबेजी, सिस्टर आणि मी दाराशी उभे. बाबू मध्ये स्टीलचा गिलास आणि चमचा घेऊन उभे. गिलास वाजला की दोघांनी एकदम बटण दाबायचं. वाजवला. दोन चिठ्ठ्या आल्या, दोन्ही बरोबर. परत वाजवला. बरोबर. वीस-बावीस वेळा वाजवला. दर वेळी बरोबर. साहेब घड्याळ बघायला लागले. दुबेजी म्हणाले, बाबूजी, बँड पार्टी खोल लो. सिस्टर हसली. वैशाली हसली नाही. तिचा तो शेवटचा दिवस होता.

बाबूंनी गिलासात काळा चहा ओतून घेतला आणि प्यायले. वही चाळली. मग उठून दुर्गाची फाईल मागवली आणि हातावर ठेवून तोलली, बाजारात भोपळा तोलतात तशी. पार्बताचं एकच पान होतं, तेही तोललं.

वैशालीला म्हणाले, तू दुर्गाचं शोध. मेश्रामला म्हणाले, तुम्ही संगं नका दाबू. तिनं दाबलं की मनात एकदा राम म्हना, मंग पार्बताचं दाबा. जाड फाईल शोधायला मशीनला वेळ लागत होता. त्या वेळात पातळ फाईल मध्ये घुसते का ते त्यांना पाहायचं होतं.

सहा वेळा काही झालं नाही. सातव्या वेळी दोन चिठ्ठ्या आल्या. बाबूंनी स्वतः वाचल्या नाहीत. म्हणाले, वाच.

“पार्बता,” वैशाली म्हणाली. तिने दुर्गाचं नाव शोधलं होतं.

मेश्रामांनी आपली चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. “दुर्गा.”

बाबू म्हणाले, अजून एकदा. एकदा झालं त्याले झालं म्हनत नाही. मग अजून दोनदा तसंच आलं तेव्हा त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि वही बंद केली.

साहेबांनी विचारलं, हे होतं कसं? बाबू म्हणाले, दोन बांध्यायले एकच पाट आहे, साहेब. एकाची पाळी चालू असली अन मधातच दुसऱ्याची लावली, त पाटातलं पानी कोनाचं? ज्याचं तोंड मोठं त्याचं. आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. बाबूंच्या तोंडावर काही नव्हतं. पुढे म्हणाले, प्रोग्राम लिहिणाऱ्याने उत्तर ठेवायला एकच जागा केली आहे. दोन्ही खिडक्यांचं उत्तर तिथंच येऊन पडतं. आधी विचारणाऱ्या खिडकीला आधी पडलेलं उत्तर मिळतं, मग ते कुणाचंही असो; पातळ फाईल आधी पडली की अदलाबदल. एक खिडकी असली तर कधीच चुकणार नाही, म्हणून कंपनीवाल्यालाही दिसलं नाही.

मग ते दुबेजींकडे वळले आणि विचारलं, तुम्ही दुर्गाला लॅबमध्ये काय विचारलं होतं? दुबेजी म्हणाले, पूछा था ना, पारबता है क्या? ती म्हणाली, हव. दुसरीला विचारलं, दुर्गा? तिच्या सासूने सांगितलं, हव.

मी दुर्गाच्या शेजारीच उभी होते. तिने हव म्हटलं ते मी ऐकलं होतं. आमच्याकडे हव म्हणजे हो, पण हव म्हणजे ऐकलं असंही असतं, आणि बरं, लवकर आटपा, असंही असतं. आजारी माणूस पांढऱ्या कोटवाल्याला सगळ्यालाच हव म्हणतो. शहरातल्या माणसाला ते कसं कळणार? मला कळत होतं. पण त्या वेळी मला दुसऱ्या खाटेची चादर बदलायची होती.

बाबू म्हणाले, “हे मशीनबी आपल्याच गावचं आहे. दोन्ही खिडक्यायनं विचारलं, दोघींले हव म्हनलं.”

साहेब म्हणाले, म्हणजे पोरीची चूक नाही.

“आहे,” बाबू म्हणाले. वैशालीने वर पाहिलं. “तिनं चिठ्ठी वाचली नाही. मेश्रामनं वाचली नाही. सरूबाईनं हातात धरून नेली, वाचली नाही. दुबेजीनं नाव विचारलं नाही, नाव सांगतलं. अन हे मशीन दवाखान्यात घेतलं तवा तपासून सही मी केली. एकट्यानं बसून तपासलं होतं, त्या कंपनीवाल्यासारखंच. काढाचं असन त माह्यापासून सुरू करा.”

साहेब उठले. पंखा बंद केला, का ते माहीत नाही, आणि निघून गेले. सोमवारी वैशाली खिडकीवर होती. कुणी कुणाला काही म्हटलं नाही.

पुढचा मंगळवार आला आणि बाबूंनी दुसऱ्या खिडकीला कुलूप घातलं. कंपनीने प्रोग्राम दुरुस्त करेपर्यंत एकच खिडकी. रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. लोकांनी शिव्या घातल्या. बाबू उन्हात रांगेजवळ उभे राहिले, खोलीत बसले नाहीत. एक म्हातारा म्हणाला, बाबू, दुसरी खिडकी पोरीच्या लग्नात देल्ली का? बाबू म्हणाले, खिडकी बिमार आहे, बाबा. तुमच्या मागं तिचाच नंबर आहे. रांग हसली, पण पुढे काही लवकर सरकली नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीने नवा प्रोग्राम पाठवला, प्रत्येक खिडकीला तिची वेगळी जागा असलेला. बाबूंनी परत गिलास आणि चमचा आणला. या वेळी दोघांना नाही, चौघांना बसवलं, दोन मशीन डॉक्टरांच्या खोलीतून आणून. सबंध दुपार वाजवलं. एकही चुकलं नाही. तरी अजून दोन बाजार जाऊ दिले आणि मगच कुलूप काढलं.

खिडकीवर त्यांनी एक पाटी लावली. अक्षर वाईट होतं, पण मोठं होतं. ‘नाव सांगू नका, नाव विचारा.’ लोकांना वाटायचं ती पाटी पेशंटसाठी आहे. काही जण खरंच नाव सांगायचे नाहीत. मग वैशाली ओरडायची, ती पाटी आमच्यासाठी आहे, काका, तुम्ही सांगा. बाबूंना पाटी बदला म्हटलं तर म्हणाले, कोनासाठी आहे ते विचारतात ना, मंग वाचून त रायले.

पुढे त्यांचे डोळे गेले, म्हणजे अधू झाले, आणि त्यांनी काम सोडलं. निरोपाला पेढे आले होते. त्यांनी एक खाल्ला आणि बस पकडली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, मंगळवारीच. पाय सुजले होते म्हणून दाखवायला आले होते. आत येऊन बसा म्हटलं तर ऐकलं नाही, रांगेत उभे राहिले. नंबर आला तो दुसऱ्या खिडकीचा. तिथे नवीन पोरगी होती, पण त्यांना ओळखत होती. म्हणाली, कापगते बाबू ना? ते काही बोलले नाहीत. ती परत म्हणाली, कापगते बाबूच ना तुम्ही? मागचे लोक कुरकुरायला लागले. बाबूंनी बोटाने पाटीवर टकटक केलं. पोरगी लाजली. मग विचारलं, तुमचं नाव काय?

त्यांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. चिठ्ठी आली. हात लांब करून वाचली, मग डोळ्यांपाशी आणून वाचली. मला हाक मारून वाचायला दिली. मी वाचली. बरोबर होती.

“सरूबाई,” ते म्हणाले, “कशा आहा?”

मी म्हटलं, “कवा? सकाळी का आता?”

इतक्या वर्षांत त्यांचे दात मी तेव्हाच पाहिले. मग ते चिठ्ठी हातात धरून लॅबकडे गेले. भिंतीला हात लावत, हळूहळू.

उन्हाळ्यात ते गावीच वारले. मूत्रपिंडं गेली होती असं त्यांच्या गावचा बसवाला म्हणाला. कवा ते मी विचारलं, त्याला वार आठवला नाही.

मीही आता काम सोडलं आहे. औषध घ्यायला महिन्यातून एकदा जाते. मागच्या खेपेला लॅबबाहेर बाकावर दुर्गा बसली होती, रक्त घ्यायला आली होती. दुबेजींनी दारातून विचारलं, नाम क्या है? तिने हव म्हटलं नाही. उभी राहून नाव, बापाचं नाव आणि गाव सांगितलं, आणि चिठ्ठी बघायला हात पुढे केला. ती जिवंत आहे.